आधी आवाज, मग नाव: मुलांना ऑर्केस्ट्रा ऐकायला नेताना

प्राथमिकच्या मुलांना ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य संगीताचा मोठा वाद्यवृंद, ऐकायला न्यायचं ठरलं की बहुतेक शाळांत आधी तक्ता तयार होतो. वीस-बावीस वाद्यांची चित्रं, खाली नावं, आणि मुलं ती नावं पाठ करतात. मी तिसरी-चौथीला संगीत शिकवते आणि माझं मत याच्या नेमकं उलट आहे. कार्यक्रमाला जाताना मुलांना तीनच वाद्यं माहीत असली तरी पुरे, पण ती डोळे मिटून ओळखता आली पाहिजेत.

कारण साधं आहे. मंचावर साठ ते नव्वद माणसं बसलेली असतात. वीस नावं पाठ केलेलं मूल तिथे चित्रातली वाद्यं शोधत बसतं आणि संगीत बाजूलाच राहतं. तीन आवाज कानात बसलेलं मूल मात्र जत्रेच्या गर्दीत ओळखीची हाक ऐकावी तसं एकदम मान वर करतं. हा आवाज कोण काढतंय, म्हणून नजर फिरवतं, आणि तो वादक सापडला की त्याच्या शेजारी कोण बसलंय, मागे कोण उभं आहे, हे त्याला न सांगता दिसायला लागतं.

कोणती तीन वाद्यं?

कार्यक्रमपत्रिका हातात आल्याशिवाय हे ठरवू नका. आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा: कोणत्या रचना वाजणार आहेत, कार्यक्रम किती वेळाचा आहे, आणि आपली आसनं कुठे आहेत. शाळांसाठी ठेवलेले कार्यक्रम साधारण पाऊण ते एक तासाचे असतात आणि या वयाला तेवढंच झेपतं. मोठ्यांच्या संध्याकाळच्या मैफलीला आठ वर्षांच्या चाळीस मुलांना नेऊ नये. चौथीच्या पुढची मुलं असतील आणि एखादा ऑर्केस्ट्रा तालमीला बसू देत असेल, तर ती संधी जरूर घ्या. कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून सगळ्यांना हातांनी चालवणारा माणूस, थांबवतो, चार मात्रा पुन्हा वाजवून घेतो, एकट्या ट्रम्पेटला काहीतरी सांगतो आणि लगेच तीच ओळ वेगळी ऐकू येते. हे मैफलीत कधीच दिसत नाही.

रचना कळल्या की एक तंतुवाद्य, एक लाकडी फुंकवाद्य आणि एक पितळी वाद्य निवडा, एकमेकांपासून जितकी वेगळी असतील तितकी. मी बहुतेक वेळा चेलो, ओबो आणि ट्रॉम्बोन घेते. व्हायोलिन मी मुद्दाम टाळते. ते मुलांना आधीच माहीत असतं, आणि मोठ्या ऑर्केस्ट्रात तीसेक व्हायोलिनं जवळजवळ सतत वाजत असतात, त्यामुळे त्यांतला एक आवाज वेगळा काढणं मुलांना जमत नाही. ट्रॉम्बोनची पुढेमागे सरकणारी नळी शेवटच्या रांगेतूनही दिसते. ओबोचा आवाज दाट गर्दीतूनही वर येतो. चेलोचा आवाज माणसाच्या आवाजाच्या पट्टीत फिरतो, म्हणून तो मुलांना पटकन जवळचा वाटतो.

प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराची ‘पीटर अँड द वूल्फ’ कार्यक्रमात असेल तर निवडीचं काम सोपं होतं. 1936 साली मॉस्कोत, मुलांच्या रंगभूमीसाठी लिहिलेली ही वाद्यांतून सांगितलेली गोष्ट साधारण पंचवीस मिनिटांची आहे. पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बसून (ओबोच्या जातीचं, खालच्या सुराचं मोठं वाद्य), लांडगा म्हणजे तीन हॉर्न (गोल गुंडाळलेल्या नळीची पितळी वाद्यं), आणि पीटर स्वतः म्हणजे सगळी तंतुवाद्यं. शिकाऱ्यांच्या बंदुका टिम्पनी (सूर लावता येणारे मोठे नगारे) आणि मोठा ड्रम वाजवतात. सुरुवातीच्यांसाठी ती इतकी चांगली आहे याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही: तिच्यात फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून प्रत्येकी एकच आहे. पक्षी बोलला की फुंकणारा माणूस एकच असतो आणि मुलांना तो हमखास सापडतो.

बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराची ‘यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा’ 1945 ची. ती पर्सेल या जुन्या इंग्रज संगीतकाराच्या एका धूनेवर उभी आहे. आधी पूर्ण ऑर्केस्ट्रा ती धून वाजवतो, मग लाकडी, पितळी, तंतू आणि तालवाद्यं असे गट आळीपाळीने. त्यानंतर तेरा भागांत एकेका वाद्याला पुढे येऊ दिलंय, आणि शेवटच्या फ्यूगमध्ये (एकच धून सगळे एकामागोमाग उचलतात अशी रचना) पिकोलो या छोट्या, उंच सुराच्या फ्लूटपासून सुरू करून सगळे त्याच क्रमाने आत शिरतात. रचना अप्रतिम आहे, पण माझ्या अनुभवात तिसरीपेक्षा लहान मुलांना ती फार भरभर जाते; एक आवाज कानात बसतोय तोवर पुढचा येतो. तिचा फ्यूग मात्र वर्गात आधी दोन-तीनदा ऐकवाच. फ्रेंच संगीतकार सॅं-साँसच्या 1886 च्या ‘कार्निव्हल ऑफ द अ‍ॅनिमल्स’मधला डबल बासवरचा हत्ती, झायलोफोनवरची जीवाश्मांची हाडं आणि चेलोवरचा हंस हे तीन तुकडे सगळ्यात लहानांनाही पुरतात.

पहिला आठवडा: फक्त कान

रोज हजेरी झाली की वीस-तीस सेकंदांचा एकच तुकडा लावायचा. वाद्याचं नाव सांगायचं नाही, चित्र दाखवायचं नाही. पहिले दोन दिवस चेलो, मग दोन दिवस ओबो, मग ट्रॉम्बोन. मुलांना विचारायचं, हा आवाज कसा आहे? माझ्या एका वर्गाने ओबोला ‘नाकात गाणारा’ म्हटलं आणि ट्रॉम्बोनला ‘मोठ्या दाराचा आवाज’. ही नावं फळ्यावर लिहून तशीच ठेवायची. खरी नावं दोन आठवड्यांनी येतील, तोवर हीच चालतील, आणि मुलांनी स्वतः दिलेली असल्यामुळे ती विसरली जात नाहीत.

आठवड्याच्या शेवटी खेळ घ्या. तीन कोपऱ्यांना तीन आवाज द्यायचे, मुलांनी डोळे मिटायचे, आवाज लागला की त्या कोपऱ्याकडे हात करायचा. बहुतेक हात बरोबर गेले की मग दोन वाद्यं एकत्र वाजणारा तुकडा लावा. इथे वर्ग एकदम शांत होतो, कारण आता खरंच ऐकावं लागतं.

दुसरा आठवडा: आवाज निघतो कसा

हा सगळ्यात रंगणारा भाग आहे, त्याला वेळ द्या. ऑर्केस्ट्रातले बहुतेक आवाज समजायला तीन वस्तू पुरतात.

पहिली म्हणजे प्लॅस्टिकची पेय पिण्याची नळी. तिचं एक टोक दातांनी किंवा बोटांनी चपटं करायचं, दोन्ही कोपरे तिरके कापून टोकदार करायचं, ते टोक ओठांच्या आत धरून जोरात फुंकायचं. थोड्या खटपटीनंतर नळी चिरक्या आवाजात वाजायला लागते. ती दोन चपट्या पात्यांची कंपनं आहेत. ओबो आणि बसूनमध्ये बोरूच्या दोन पात्या बांधलेल्या असतात आणि त्या अशाच थरथरतात. क्लॅरिनेटला एकच पाती असते. फ्लूटला पातीच नसते, तिथे फुंकर भोकाच्या कडेवर फुटते. एखादं मूल नळी वाजवत असताना दुसऱ्या टोकाकडून कात्रीने तुकडे कापत जा. नळी आखूड होईल तसा सूर चढत जातो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पिकोलो का किंचाळतो हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. नळी ज्याची त्याने वापरायची, अदलाबदल करायची नाही, हे आधीच बजावून ठेवा.

दुसरी वस्तू म्हणजे बागेला पाणी घालण्याच्या पाइपचा दीड-दोन मीटरचा तुकडा आणि एक नरसाळं. नरसाळं एका टोकाला बसवायचं, दुसऱ्या टोकाला ओठ घट्ट मिटून फुर्र करायचं. पितळी वाद्यांत ओठ हीच पाती असते. हे शिक्षकानेच करून दाखवावं, आणि मुलांनी पाइप न लावता नुसते ओठ फुरफुरवावेत. वर्गात गोंधळ होईल, होऊ द्या.

याच दिवशी व्हरांड्यात खडूने चार रेषा आखा: ट्रम्पेटची सुमारे दीड मीटर, ट्रॉम्बोनची पावणेतीन, हॉर्नची पावणेचार आणि मोठ्या ट्यूबाची साडेपाच. नळी उलगडली तर एवढी लांब भरते. मुलं रेषेवर ओळीने उभी राहिली की ट्यूबावर सात-आठ जण मावतात आणि ट्रम्पेटवर दोघं. हुशार मुलं लगेच विचारतात, मग हॉर्न ट्रॉम्बोनपेक्षा लांब असून त्याहून वरच्या सुरात कसा वाजतो? उत्तर खरं ते द्यावं: एकाच नळीतून ओठ आवळून अनेक सूर काढता येतात, आणि हॉर्नवादक त्यांतले वरचे सूर जास्त वापरतो. ते सूर एकमेकांना खेटून असतात, म्हणून हॉर्न वाजवायला इतका अवघड.

तिसरी वस्तू: एक रिकामं खोकं आणि वेगवेगळ्या जाडीचे रबर बँड. जाड, सैल, लांब असेल तर सूर खाली. बारीक, ताठ, आखूड असेल तर वर. रबर खोक्यावरून काढून नुसता हातात ताणून छेडला की आवाज जवळजवळ नाहीसा होतो, आणि वाद्याला पोकळ लाकडी शरीर कशासाठी असतं ते कळतं. गजाबद्दल, म्हणजे तारांवर घासायच्या काठीबद्दल, एवढं सांगितलं की पुरे: गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात आणि त्यांना राळ घासतात. राळेमुळे केस तारेला धरतात, सोडतात, धरतात, सोडतात, हे इतक्या वेगाने होतं की आपल्याला एकसंध सूर ऐकू येतो. कुणाकडून जुना गज मिळाला तर केसांना हात न लावता पाहू द्या, कारण हाताचं तेल लागलं की ते तारेला धरत नाहीत.

तिसरा आठवडा: नाव, चेहरा, जागा

आता चित्रं काढा. मुलांनी ठेवलेल्या नावांशेजारी खरी नावं लिहा. मग वर्गातल्या खुर्च्या अर्धगोलात मांडा. कंडक्टरच्या डाव्या हाताला पहिली व्हायोलिनं, पुढे दुसरी, मग व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं) आणि चेलो, कडेला डबल बास. मध्यभागी लाकडी फुंकवाद्यं, त्यांच्या मागे पितळी, सगळ्यात मागे तालवाद्यं. प्रत्येक ऑर्केस्ट्रा थोडाफार फरक करतो, पण मोठा आवाज मागे हे जवळपास सगळीकडे सारखंच असतं. मुलांना त्या खुर्च्यांवर बसवा आणि विचारा, व्हायोलिनला एवढ्या खुर्च्या आणि ट्यूबाला एकच का? एक व्हायोलिन एका ट्रम्पेटपुढे ऐकूच येणार नाही, हे मुलं स्वतः शोधून काढतात.

हार्प (बोटांनी छेडायचं उंच तारवाद्य) असेल तर तिची ओळख आत्ताच करून द्या, नाहीतर कार्यक्रमात सगळं लक्ष तीच खाते. सत्तेचाळीस तारा, पायाशी सात पेडल. पाश्चात्त्य सप्तकातल्या सी स्वराच्या तारा लाल आणि एफच्या काळ्या किंवा निळ्या असतात. त्या रंगांवरूनच वादक वाट शोधतो.

याच आठवड्यात प्रत्येक मुलाला एक वादक नेमून द्या. वाद्य नाही, वादक. ‘मागच्या रांगेतला, झांजा असलेला माणूस तुझा.’ कार्यक्रमभर त्या एका माणसाकडे लक्ष ठेवायचं: तो वाद्य कधी उचलतो, वाजवायच्या आधी श्वास घेताना दिसतो का, रिकाम्या वेळात काय करतो. मी आजवर जे काही करून पाहिलं त्यात सर्वांत जास्त फळ याला आलंय. ध्वनिमुद्रणात आवाज नुसता येतो. समोर बसलं की आवाजाआधीची हालचाल दिसते, आणि मुलांना त्याचंच वेड लागतं. टिम्पनीवादक मध्येच वाकून कातड्याला कान लावतो, कारण बाकीचे वाजवत असतानाच त्याला पुढच्या भागासाठी सूर बदलायचा असतो. हॉर्नवादक नळी काढून पाणी ओततो. ती थुंकी नव्हे, श्वासातली वाफ थंड होऊन साचलेलं पाणी असतं, हे आधीच सांगून ठेवा. एका स्टँडवर दोन व्हायोलिनवादक असतात, त्यांतला आतल्या बाजूचा पान उलटतो आणि तेवढ्यात बाहेरचा वाजवत राहतो. एका गटाचे सगळे गज एकाच दिशेने वर जातात, एकाच दिशेने खाली येतात.

झांजावाल्यावर नजर ठेवणाऱ्या मुलाला धीर लागतो. चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीत (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) झांजांचा एकच ठोका आहे, तोही शेवटच्या भागात आणि हळू. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तो अख्खा भाग श्वास रोखून त्या माणसाकडे बघत काढला, आणि ठोका झाल्यावर शेजारच्याचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला. घरी गेल्यावर त्याने आईला चालींबद्दल काही सांगितलं नाही. वाट कशी बघायची असते ते सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी

पहिल्या रांगेचा मोह टाळा. तिथून व्हायोलिनवाल्यांचे बूट आणि कंडक्टरची पाठ दिसते. गॅलरीची पुढची रांग मिळाली तर उत्तम, सगळा मंच नकाशासारखा खाली पसरलेला असतो.

वेळेआधी वीस मिनिटं आसनावर बसा, कारण सूर लावणं चुकवायचं नाही. ओबो एकच ए स्वर देतो, साधारण 440 हर्ट्झच्या आसपास, आणि सगळे त्याला आपला सूर जुळवून घेतात. त्याचा आवाज स्थिर आणि भेदक असतो म्हणून हे काम त्याच्याकडे. तुमच्या मुलांच्या कानात ओबो आधीच बसलेला असतो, त्यामुळे कार्यक्रम सुरू होण्याआधीच त्यांना पहिली ओळख पटते. पंचवीस जण एकदम कुजबुजतात, ‘नाकात गाणारा!’ ती कुजबुज होऊ द्या.

कागद-पेन्सिल देऊ नका. अंधारात पेन्सिली पडतात, आणि रकाने भरायचे असले की मुलं वर बघतच नाहीत. टाळ्या कधी वाजवायच्या यावर भाषण नको. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबायचं, एवढं सांगा. मध्येच वाजवल्या तरी गप्प करू नका. त्या आनंदाने वाजवलेल्या असतात आणि वादकांनाही ते कळतं.

मोठ्या आवाजाचा त्रास होणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी कानावर बसणारे आवाजरोधक सोबत ठेवा, त्यांना कडेची जागा द्या, आणि धक्का कुठे येणार ते आधी सांगा. ऑस्ट्रियन संगीतकार हायडनच्या 94 व्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागात हळू चाललेल्या धूनेत अचानक सगळा ऑर्केस्ट्रा कोसळतो. बाकीच्यांना मी ते सांगत नाही, कारण ती गंमत त्यांची आहे. या मुलांना मात्र वर्गातच ऐकवून ठेवते.

निवेदक चांगला असेल तर तुमचं निम्मं काम तो करतो. अमेरिकन कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन 1958 ते 1972 न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रासह मुलांसाठी असे कार्यक्रम करत असत, आणि ते दूरचित्रवाणीवरूनही दाखवले जात. बोलता बोलता ऑर्केस्ट्राकडून चार मात्रा वाजवून घ्यायच्या, मग पुन्हा बोलायचं, ही त्यांची रीत शिक्षकाने मुद्दाम पाहावी. आणि मुलांना जागेवरून सहभाग घेता येत असेल तर सोडू नका. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या सभागृहाच्या ‘लिंक अप’ उपक्रमात मुलं आधी शाळेत रेकॉर्डर हे बासरीसारखं वाद्य आणि गाणी शिकतात आणि मग सभागृहात आपल्या आसनावरून ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतात, गातात. एवढी सोय नसली तरी एखाद्या रचनेची धून मुलांना आधी गुणगुणता येऊ द्या. ती येते तेव्हा चेहरे बघण्यासारखे असतात.

जाणं शक्य नसेल तर

चार-पाच वादकांना शाळेत बोलवा. तंतुवाद्यांची चौकडी सहज मिळते, पण मुलांसाठी मी वुडविंड क्विंटेट पसंत करते: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न. चौकडीत सगळ्यांचा आवाज एका घराण्यातला; इथे पाचही जणांचे आवाज वेगळे आणि ते काढायच्या तऱ्हा चार, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात नळी आणि पाइपवर शिकलेलं सगळं एकाच वेळी समोर येतं. मुलांना अर्धगोलात, दोन-अडीच मीटरवर बसवा. वादकांना बोलण्यापेक्षा वाद्य उघडून दाखवायला सांगा: क्लॅरिनेटचे सुटे भाग जोडताना, ओबोची पाती पाण्यात भिजवताना. प्रश्न आधीच्या दिवशी मुलांकडून लिहून घ्या आणि त्यांतले ‘किती वर्षं शिकलात’सारखे बाजूला ठेवा. ‘चुकलं तर काय करता?’, ‘तुमचा सगळ्यात अवघड सूर कोणता, वाजवून दाखवाल?’ असे प्रश्न वादकांनाही आवडतात.

परत आल्यावर

‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ एवढंच येतं. ‘तुझा वादक काय करत होता?’ विचारा, आणि तास संपेपर्यंत मुलं बोलत राहतील. निबंध नको, चित्र काढू द्या. ट्रॉम्बोनची नळी, गजाचा कोन, गालांचा फुगवटा अशा बारकाव्यांवरून कोणी काय पाहिलं ते चित्रातच दिसतं. आठवड्याने त्याच रचनेचं ध्वनिमुद्रण लावा. आता ऐकताना मुलांचे हात आपोआप मंचावरच्या जागा दाखवायला लागतात: तो तिथे, ती इथे.

काही पालक लगेच विचारतात, मुलाला शिकायचंय, कोणतं वाद्य द्यावं? व्हायोलिन आणि चेलो लहान मापांत मिळतात, त्यामुळे ती सहा-सात वर्षांपासून सुरू करता येतात; वाढत्या वयाबरोबर माप बदलायचं असल्याने विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणं बरं. पितळी वाद्यांना पुढचे पक्के दात आलेले असावेत. क्लॅरिनेटला बोटांनी भोकं पूर्ण झाकली गेली पाहिजेत, नाहीतर आवाज फाटतो आणि मूल उगाच हिरमुसतं. बसूनसाठी हात बराच मोठा लागतो; वाट पाहायला सांगा, आणि तोवर त्या मुलाला पुढच्या कार्यक्रमात बसूनवादकच नेमून द्या.